बाबांचा दुखरा गुडघा आणि अमाल्फीचा किनारा: गाडी घ्यावी का, राहावं कुठे, पाहावं काय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि आई-बाबा (६८ आणि ७२, बाबांचा गुडघा दुखरा) इटलीत नेपल्सला उतरणार. तिथून भाड्याची गाडी घेऊन अमाल्फी किनाऱ्यावरच्या पोझितानो गावात चार रात्री राहायचं आणि रोज एक-दोन गावं करायची. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. इतिहास नुसता पाट्यांवर वाचायचा नाही, समजून घ्यायचाय. शेवटी तुम्ही विचारलंय, "नकाशावर सगळं पंधरा-वीस किलोमीटरच्या आत दिसतंय, मग लोक एवढं अवघड का म्हणतात?"

खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यातच आहे. नकाशा आडवा असतो आणि हा किनारा उभा आहे. किनाऱ्यामागचे लात्तारी डोंगर सर्वांत उंच जागी १,४०० मीटरच्या पुढे जातात. म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीचे डोंगर मध्ये कोकणपट्टी न ठेवता थेट समुद्रात पाय सोडून बसलेत असं समजा. अमाल्फी ते पोझितानो १६-१७ किलोमीटर, पण बसला पाऊण तास ते तास लागतो. गावातल्या गावात दोन ठिकाणांमधलं अंतर २०० मीटर असेल आणि उंचीतला फरक ६० मीटर. हिशेब सोपा आहे. एक पायरी साधारण १७ सेंटीमीटर, म्हणजे १०० मीटर उंची चढायला साडेपाचशे-सहाशे पायऱ्या. ६० मीटर म्हणजे साडेतीनशे. वीस मजली इमारत जिन्याने चढण्यासारखं. आणि गुडघा चढताना दुखतो त्याहून उतरताना जास्त दुखतो, हे बाबांना सांगायला नको.

म्हणून या किनाऱ्याची सहल आखताना मी अंतर शेवटी बघतो. आधी प्रत्येक ठिकाणची उंची, मग तिथे बोट लागते का, मग बस कुठून सुटते. या तीन गोष्टी जुळल्या तर चार दिवस आरामात जातात. नाही जुळल्या तर आई-बाबा हॉटेलच्या गच्चीत बसून तुमचे फोटो बघतात.

आधी गाडीचं. घेऊ नका. आज जो घाटरस्ता आपण फोटोंत बघतो तो १९व्या शतकाच्या मध्याला, नेपल्सच्या बोर्बन राजांच्या काळात पुरा झाला. घोडागाडीच्या मापाचा रस्ता, त्यावर आता पर्यटकांच्या बस, दुचाक्या आणि माल उतरवणारे टेंपो. वळणावर समोरून बस आली की मागे यायचं ते गाडीवाल्यानेच, बस मागे येत नाही. त्यात गर्दीच्या दिवसांत सम-विषम क्रमांकांचा नियम लागू होतो: गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा आणि तारीख यांच्या मेळावर तुम्हाला रस्त्यावर यायला परवानगी किंवा बंदी. कुठले दिवस, कोणाला सूट, हे हंगामागणिक बदलतं, म्हणून घेणारच असाल तर त्या वर्षीचा आदेश आधी बघा. गावांच्या आत मर्यादित वाहतुकीचे पट्टे असतात. तिथे चुकून शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड दोन-तीन महिन्यांनी घरी येतो, वर गाडी देणाऱ्या कंपनीचा आकार वेगळा. गाडीतळाला तासाला पाच युरो किंवा जास्त सहज लागतात. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. एवढं सगळं सोसून चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही, कारण त्याची नजर वळणांवर लावलेल्या आरशांवर असते.

गाडीचा मोह सोडला की दुसरी गोष्ट आपोआप सुटते, आणि इथे इतिहास कामाला येतो. हा रस्ता होईपर्यंत ही गावं एकमेकांशी समुद्रानेच जोडलेली होती. जमिनीवर होत्या त्या खेचरवाटा आणि पायऱ्या. आपल्या कोकणातली पाखाडी डोळ्यांसमोर आणा, फक्त चौपट उंच. त्यामुळे प्रत्येक गावाचं तोंड समुद्राकडे आहे, मोठं देऊळ बंदरासमोर आहे आणि सगळे जिने शेवटी धक्क्यावर उतरतात. रस्त्याने आलात तर तुम्ही गावात मागच्या दाराने आणि मधल्याच मजल्यावर शिरता. बोटीने आलात तर पुढच्या दाराने, तळमजल्यावर. दुखऱ्या गुडघ्याला दुसरं सोयीचं.

बोटींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. सालेर्नो (किनाऱ्याच्या पूर्व टोकाचं शहर) ते अमाल्फी ३५ मिनिटं, अमाल्फी ते पोझितानो २०-२५ मिनिटं. सालेर्नो-अमाल्फीच्या मधे मिनोरी, मायोरी, चेतारा इथेही बऱ्याच फेऱ्या थांबतात. हवेवर अवलंबून आहे हे मात्र खरं. किनारा दक्षिणेला उघडा असल्याने आग्नेयेचा शिरोक्को किंवा नैर्ऋत्येचा लिबेच्चो जोरात सुटला की फेऱ्या रद्द होतात, आणि ते सकाळीच कळतं. म्हणून पोझितानोसारखा पूर्णपणे बोटीवर अवलंबून असलेला दिवस शेवटच्या दिवशी ठेवू नका. मधल्या एखाद्या दिवशी ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर पुढे सरकवता येतो.

बसच्या कंपनीचं नाव सीता. आई खूश होतील, पण गर्दी मात्र वनवासाची. तिकीट बसमध्ये मिळेल असं धरू नका. तंबाखूच्या दुकानात, म्हणजे पांढरा 'टी' असलेल्या पाटीखाली, किंवा कॅफेत आधी काढा आणि चढल्यावर यंत्रात ठोका. दिवसभराचं तिकीट साधारण १० युरोंच्या आसपास असतं. दिवसात तीन-चार वेळा चढ-उतार असेल तरच परवडतं. महत्त्वाचं हे की बस सुटते तिथूनच चढा. अमाल्फीला ती बंदराजवळच्या चौकातून सुटते, तिथे बसायला जागा मिळते. मधल्या थांब्यावर भरलेली बस हात हलवून पुढे जाते. पोझितानोत दुपारी चारनंतर हे हमखास घडतं, म्हणून पोझितानोहून परत येताना बोटच धरा. आणि बसायचं कुठे? सोरेंतोकडून, म्हणजे पश्चिमेकडून, अमाल्फीकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, सालेर्नोकडून येताना डाव्या. वळणं खूप आहेत. आईंना बस लागत असेल तर पुढची जागा आणि पर्समध्ये आवळासुपारी. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा तास आधी.

आता मुक्काम. पोझितानो दिसतं सुंदर, ते लांबून. समुद्रातून बघताना घरांची जी चढती उतरंड मोहात पाडते, तिथे राहायला गेलं की तीच उतरंड दिवसातून चार वेळा चढावी लागते. धक्क्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत चढ, रस्त्यापासून हॉटेलपर्यंत परत पायऱ्या. सामान उचलायला हमाल मिळतात, बाबांना उचलायला नाही. तुमच्यासाठी माझं पहिलं मत अमाल्फीचं खालचं गाव: बस आणि बोट दोन्ही एकमेकांसमोर, मुख्य गल्ली हलक्या चढाची, पायऱ्यांशिवाय. खर्च कमी ठेवायचा असेल तर मायोरी. किनाऱ्यावरची सगळ्यात लांब चौपाटी तिथे आहे, जवळजवळ एक किलोमीटर, आणि फेरफटक्याचा रस्ता अगदी सपाट. मायोरी जरा नवीन बांधणीचं वाटतं, लोक नाक मुरडतात. त्याला कारण आहे. २५-२६ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी या भागात ढगफुटी होऊन ३०० च्या वर माणसं गेली आणि गावाचा मोठा भाग वाहून गेला. आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा उभं केलेलं गाव.

खोली ठरवताना 'समुद्र दिसतो' या शब्दांचा अर्थ 'पायऱ्या आहेत' असा घ्यायचा. हॉटेलला पत्र टाकून तीन आकडे मागा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, दारापासून लिफ्टपर्यंत किती, आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती. 'लिफ्ट आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट असते, पण ती ४० पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. उत्तर आकड्यांत आलं नाही तर दुसरं हॉटेल बघा.

नेपल्सहून यायचं कसं ते विमानाच्या वेळेवर ठरेल. दुपारच्या आत उतरत असाल तर विमानतळावरून बसने मुख्य स्टेशन, तिथून सालेर्नोची रेल्वे. जलद गाडी असेल तर पाऊण तासाच्या आत. सालेर्नो स्टेशनपासून कोंकोर्दिया चौकातला धक्का चालत पाच-दहा मिनिटं, रस्ता सपाट. दुपारी दोननंतर उतरणार असाल तर त्या दिवशी अमाल्फी गाठायची धावपळ करू नका. संध्याकाळची शेवटची बोट हुकली की मग बॅगांसकट भरल्या बसमध्ये सव्वा तास. पहिली रात्र सालेर्नोतच काढा. किंवा चौघांत मिळून चालकासह गाडी ठरवा. नेपल्स ते अमाल्फी सव्वाशे-दीडशे युरोंच्या घरात पडेल, हंगामात वरही. दर आधी लेखी घ्या. सोरेंतोमार्गे जाणारी जुनी उपनगरी रेल्वे स्वस्त आहे, पण गर्दी, उकाडा आणि पाकीटमार, आणि पुढे घाटाची बस. बॅगा आणि आई-बाबा बरोबर असताना मी ती सुचवणार नाही.

थोडक्यात, आतापर्यंत ठरलं ते असं: गाडी नाही, मुक्काम अमाल्फीला खाली नाहीतर मायोरीत, एकाच हॉटेलात चारही रात्री, जाणं-येणं शक्य तिथे बोटीने. आता पाहायचं काय, आणि कशाच्या नजरेने.

सुरुवात अमाल्फीपासून, आणि तिला एक अख्खा दिवस द्या. बहुतेक लोक इथे लिंबाचं सरबत पिऊन तासाभरात पुढे जातात. आज पाच हजार वस्तीचं हे गाव ८३९ मध्ये नेपल्सच्या सत्तेतून सुटलं आणि पुढची दोनशे वर्षं भूमध्य समुद्रावरची मोठी व्यापारी सत्ता होतं. पाठीशी डोंगर, शेतीला जमीन नाही, मग पोट भरायचं तर समुद्रावरच. डोंगरातलं लाकूड, धान्य, तागाचं कापड घेऊन इथली जहाजं इजिप्तला आणि कॉन्स्टँटिनोपलला जात, येताना रेशीम, मसाले, सोनं आणत. कैरोमध्ये अमाल्फीकरांची वस्ती एवढी होती की ९९६ च्या दंगलीत त्यांच्यातले शंभराच्या वर लोक मारले गेल्याची नोंद आहे. तिथल्या बाजारातली मिरी येत होती ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून. जेरुसलेममध्ये ११व्या शतकात यात्रेकरूंसाठी रुग्णालय काढलं ते अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी, आणि त्यातूनच पुढे माल्टाच्या सरदारांचा पंथ उभा राहिला. त्यांचा आठ टोकांचा क्रूस अमाल्फीच्या झेंड्यावरही दिसेल.

मग हे सगळं गेलं कुठे? नॉर्मन राजांनी ११३१ मध्ये स्वातंत्र्य संपवलं, ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने लूट केली, आणि नोव्हेंबर १३४३ मध्ये समुद्र स्वतःच चालून आला. त्या रात्रीच्या लाटांनी बंदर आणि खालच्या गावाचा भाग गिळला. कवी पेत्रार्क तेव्हा नेपल्समध्ये होता, त्याने त्या वादळाचं वर्णन लिहून ठेवलंय. अलीकडच्या संशोधनात याचा संबंध स्ट्राँबोली ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळण्याशी जोडला गेलाय. हे डोळ्यांनी बघायचं तर बंदराजवळच्या जुन्या जहाजगोदीत जा. दगडी खांब, वर टोकदार कमानी, दोन लांब दालनं, आणि पुढचा भाग एकदम तुटलेला. तो समुद्रात गेला. आई-बाबांना तिथे पायऱ्या जवळजवळ नाहीत.

बंदरावरच्या चौकात फ्लाव्हियो जोयाचा पुतळा आहे, होकायंत्राचा शोधकर्ता म्हणून. मार्गदर्शक छातीठोक सांगतील, तुम्ही हसून घ्या. हा माणूस बहुधा झालाच नाही. एका लॅटिन वाक्याचा अर्थ असा होता, की चुंबकाचा वापर अमाल्फीत सुरू झाला असं फ्लाव्हियो सांगतो. हा फ्लाव्हियो म्हणजे फ्लाव्हियो ब्योंदो हा इतिहासकार. स्वल्पविराम चुकीच्या जागी वाचला गेला आणि सांगणाराच शोधकर्ता होऊन बसला. होकायंत्र समुद्रावर सोयीने वापरता येईल असं करण्यात इथल्या खलाशांचा वाटा असावा, ते वेगळं. पण पुतळा स्वल्पविरामाचा आहे.

दुओमो, म्हणजे मुख्य चर्च, चौकातच आहे. साठेक पायऱ्या एका उंच जिन्यात. इथे एकदा चढावंच लागेल. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढा, ऊन कमी असतं आणि मधे थांबायला कोणी धक्का देत नाही. वर गेल्यावर आधी दार बघा. ११व्या शतकाच्या मध्याला कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून घेतलेलं ते काशाचं दार पान्तालेओने नावाच्या अमाल्फीकर धनिकाने दिलं. रोमन साम्राज्यानंतर इटलीत असं दार नव्हतं. आधी अमाल्फीने आणवलं, मग इतर गावांनी अनुकरण केलं. मधल्या चौकटींत येशू, मरियम, अंद्रेया आणि पीटर. त्याउलट चर्चचा रंगीबेरंगी दर्शनी भाग जुना वाटतो, पण जुना नाही. १८६१ मध्ये पुढचा भाग पडला आणि शतकाअखेर नव्याने बांधला. बाजूचं अंगण, 'स्वर्गाचं अंगण' म्हणतात ते, १२६० च्या दशकातलं. एकमेकांत गुंतलेल्या बारीक पांढऱ्या कमानी बघताना अरबी घाट ओळखू येईल. कैरोशी व्यापार करणाऱ्यांनी डोळ्यांत काय साठवून आणलं होतं ते इथे दिसतं. हे गावातल्या श्रीमंतांचं दफनस्थान होतं.

तिथून मुख्य गल्लीने वर चालत राहा. पायाखाली ओढा वाहतोय हे लक्षात ठेवा, कान्नेतो त्याचं नाव. मध्ययुगातच तो झाकून वर रस्ता केला. डाव्या-उजव्या हाताला पांढऱ्या चुन्याचे बोगदे दिसतील, त्या खऱ्या जुन्या गल्ल्या. घरांखालून जाणाऱ्या, थंडगार, शत्रूला गोंधळात टाकणाऱ्या. दहा-पंधरा मिनिटांवर कागदाचं संग्रहालय आहे, जुन्या गिरणीतच. ओढा इथे का महत्त्वाचा ते तिथे कळतं. पाण्याचं चाक एक जाड लाकडी आस फिरवतं, आस लाकडी हातोडे उचलून सोडते, हातोड्यांच्या तोंडाला लोखंडी खिळे. दगडी कुंडांत तागाच्या, सुताच्या चिंध्या टाकलेल्या, त्या कुटून कुटून लगदा होतो. पहिल्या कुंडाचे खिळे मोठे आणि धारदार, शेवटच्याचे बोथट, कारण आधी फाडायचं आणि शेवटी नुसतं चेचायचं. मग तारांच्या चौकटीने लगदा गाळून घ्यायचा, लोकरीच्या नमद्यावर उलटायचा, चळत रचून दाबायची, वरच्या मजल्यावर वाऱ्यात वाळवायचं. मार्गदर्शक चौकट तुमच्या हातात देतात. पाण्यात नेऊन सरळ उचलायची, हात जरा तिरका झाला की कागद एका बाजूला जाड होतो. ही कला अरबांकडून आली. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये सरकारी दस्तांना कागद चालणार नाही, चर्मपत्रच हवं, असा हुकूम काढला होता; कागद टिकेल यावर भरवसा नव्हता. १९५४ च्या पुराने उरल्यासुरल्या गिरण्यांपैकी बहुतेक मोडल्या. अख्ख्या किनाऱ्यावर बाबांना सर्वांत आवडेल ते हे, असं मी पैजेवर सांगेन, आणि इथे जायला एक जिना नाही.

संध्याकाळी शेजारचं अत्रानी. क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत छोटी नगरपालिका, ०.१२ चौरस किलोमीटर. अमाल्फीच्या गाडीतळाजवळून पादचारी बोगदा जातो, त्यामुळे टेकाड चढावं लागत नाही. चौकात बसा, कॉफी घ्या, बस्स.

दुसरा दिवस राव्हेल्लो. उंची ३५० मीटरच्या आसपास, बसने २५ मिनिटं. जाताना बस, येतानाही बसच. मिनोरीपर्यंत उतरणारी पायवाट सुंदर आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ती हजाराच्या वर पायऱ्यांची आहे, बाबांना दाखवूच नका. बस थांबते तिथून छोट्या बोगद्याने चौकात पोचता, चौक सपाट. चर्चमध्ये १२७२ चं संगमरवरी व्यासपीठ बघा: सहा पिळाचे खांब, प्रत्येक खांब एकेका सिंहाच्या पाठीवर. रुफोलो नावाच्या सावकार-व्यापारी घराण्याने करवून घेतलेलं, त्यांचाच वाडा समोर. व्हिला रुफोलोची डागडुजी १८५० नंतर नेव्हिल रीड या स्कॉटिश गृहस्थाने केली आणि १८८० मध्ये संगीतकार वाग्नर तिथे आला. बाग बघून त्याला आपल्या 'पार्सिफाल' ऑपेरातली जादूगाराची बाग सापडली. एवढं आई-बाबांना पुरे. व्हिला चिंब्रोनेची अर्धपुतळ्यांची गच्ची प्रसिद्ध आहे, पण ती चालत १०-१५ मिनिटं, चढ-उतार आणि पायऱ्यांची. तुम्ही दोघं जाऊन या, ते चौकात बसतील.

तिसऱ्या दिवशी पोझितानोला सकाळच्या बोटीने जा आणि दुपारच्या बोटीने या. बोट वळसा घेते तेव्हाच खरं दृश्य दिसतं. खाली उतरल्यावर चर्च जवळच आहे, त्याच्या तळघरात रोमन वाडा सापडलाय. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या ७९ सालच्या राखेने भरलेल्या त्या वाड्याची भित्तिचित्रं ताजी वाटतात. प्रवेश वेळ ठरवून देतात, आधी नोंदणी करा. उरलेलं पोझितानो म्हणजे कपड्यांची दुकानं आणि चढ.

चौथा दिवस मिनोरी आणि लिंबांचा. मिनोरीतला पहिल्या शतकातला रोमन वाडा बसथांब्यापासून जवळ, गाव सपाट. रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, कारण वर डोंगरातून वाहून आलेला गाळ साचत गेला. मागच्या उतारावर लिंबाच्या बागा दिसतील. हे लिंबू लांबट, टोकदार, जाड सालीचं, रस गोडसर. साल काढून पांढऱ्या गरासकट चकत्या करून मीठ लावून खातात, आपल्याला लगेच आवडतं. बागा उभ्या आहेत त्या दगडी गडग्यांवर. आपल्या गडग्यासारखेच, चुना-सिमेंट न घालता रचलेले. दगडांच्या फटींतून पाणी निघून जातं म्हणून भिंत टिकते. सिमेंट लावलं की मागे पाणी साचून पोट फुगतं आणि भिंत कोसळते. चेस्टनटच्या लाकडाचे मांडव, त्यावर थंडीत काळी जाळी. पूर्वी बायका ५० किलोंच्या वर लिंबांची करंडी खांद्यावर घेऊन या पायऱ्या उतरत. त्यांना इथे 'मुंग्या' म्हणत. तरुणांनी शेती सोडली की गडगे ढासळतात, वर व्हेसूव्हियसच्या राखेचा भुसभुशीत थर आणि खाली गुळगुळीत चुनखडक, पाऊस मोठा झाला की सगळं घसरतं. हिवाळ्यात रस्ता मधूनमधून बंद होतो तो यामुळे. मेमध्ये याची काळजी नको.

तुमच्या दोघांचं मन 'देवांच्या वाटे'कडे, म्हणजे इथल्या प्रसिद्ध डोंगरवाटेकडे, ओढ घेत असेल तर ती मिनोरीच्या दिवशी सकाळी बसवा. अमाल्फीहून अजेरोलाची बस, बोमेरानोला उतरायचं, तिथून नोचेल्लेपर्यंत. बोमेरानो ६३० मीटरवर, नोचेल्ले ४४० च्या आसपास, म्हणून याच दिशेने चाला. तीन तास धरा, माणशी दीड लिटर पाणी, तळवा घट्ट धरणारे बूट. सावली कमी आहे, आठच्या आत सुरुवात हवी. नोचेल्लेहून समुद्रापर्यंत दीड हजारांच्या वर पायऱ्या आहेत. त्या उतरू नका, गावची छोटी बस पोझितानोला सोडते.

जेवण. शाकाहारी उपाशी राहत नाहीत, फसतात मात्र. चेतारा गाव बांगड्यापेक्षा छोट्या अलिची माशांसाठी प्रसिद्ध, मिठात मुरवलेल्या या माशांचा अर्क, 'कोलातूरा', पास्त्यात आणि भाज्यांवर थेंब थेंब घालतात. दिसत नाही. त्यामुळे 'भाजीचं आहे' या उत्तरावर थांबू नका. म्हणा: "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अलिची", म्हणजे मांस, मासा, अलिची यांशिवाय. न्योक्की सोरेंतीना (बटाट्याचे छोटे गोळे), वांग्याची पार्मिज्याना, टोमॅटोचा साधा पास्ता, मारिनारा पिझ्झा हे सहसा चालतात, पण पार्मिज्यानात कुठे कुठे मांसाचा सॉस असतो, विचारा. डाळी-शेंगांच्या सूपमध्ये डुकराची चरबी असू शकते. कुरकुरीत पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला मिठाई पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीनेच पापुद्रते. तिथे "सेन्झा स्त्रुत्तो?" विचारा, नाहीतर लिंबाचं देलीत्सिया खा. जुन्या पद्धतीच्या कडक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, ते तुम्हाला चालतं का ते घरात आधी ठरवा. जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच, मग संध्याकाळी सातपर्यंत स्वयंपाकघरं बंद. आई-बाबांसाठी दशमी, खाकरा किंवा चिवडा पिशवीत असू द्या.

एक गोष्ट मला तुमच्याकडून कळायला हवी. बाबा घरी रेलिंग धरून, न थांबता, किती मजले उतरतात? दोन की पाच? दोन असतील तर अमाल्फीच्या चर्चचा जिना दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवू आणि राव्हेल्लोला चालकासह गाडी घेऊ. पाच असतील तर वरचा कार्यक्रम आहे तसा चालेल. तो आकडा आणि विमान उतरण्याची वेळ लिहा, म्हणजे पहिली रात्र सालेर्नोत की अमाल्फीत ते सांगतो.